जाताच आहात तर

"आज कुणाचं काही घेणार नाही असं म्हणा. माझ्यासमोर म्हणा," बायको फाटक अडवून उभी होती.

"नाही घेत."

"तसं नाही. अख्खं वाक्य म्हणा."

चष्मेकाकांनी स्कूटर स्टँडवरून काढली आणि अख्खं वाक्य म्हटलं. आज कुणाचं काही घेणार नाही. वाक्य काही अवघड नव्हतं, पण तोंडातून बाहेर पडताना ते त्यांचं त्यांनाच नवखं वाटलं. बायकोलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं फाटक सोडलं नाही.

"अक्का वाट बघत असतील. काल सामान बांधायला गेले तर दहादा विचारलं, उद्या येईल ना गं तो? मी म्हटलं, सकाळीच येतील. मला खोटं पाडू नका."

अक्का म्हणजे काकांची मोठी बहीण. आई गेली तेव्हा काका शाळेतही जात नव्हते. अक्कानंच त्यांना न्हाऊमाखू घातलं, रागे भरलं, वाढवलं. त्यापायी स्वतःचं लग्नही लांबवलं. आता ती ऐंशीला टेकली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा परदेशात होता, आणि शेवटी त्यानं घर विकून आईला तिकडेच न्यायचं ठरवलं होतं. आज दुपारी ती निघणार होती. ती काही परत येणार नव्हती आणि काका काही तिकडे जाणार नव्हते. हे दोघांनाही कळत होतं आणि दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते. काकांना फार काही करायचंही नव्हतं. सकाळभर तिच्याजवळ पायरीवर बसायचं, ती वाढेल ते जेवायचं आणि तिला गाडीत बसवून द्यायचं. एवढं जमलं की झालं.

इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले, आणि चार घरं गेले नाहीत तोच वरून हाक आली.

"चष्मेकाका! अहो, थांबा, थांबा. जाताच आहात तर..."

या तीन शब्दांनी काकांच्या आयुष्याचं पार भजं केलं होतं, असं त्यांची बायको म्हणे.

त्याचं असं झालं. गल्ली चढावर. कचऱ्याची गाडी पूर्वी दारापर्यंत यायची. मग कुणीतरी रस्ता खणला आणि खणला तेवढा काही बुजवला नाही. एके दिवशी गाडीच्या ड्रायव्हरनं चढाखालूनच वर बघितलं, मान हलवली आणि गाडी वळवली ती कायमची. ओला कचरा बायकांनी परसात आणि कुंड्यांत जिरवला. कोरड्याचं काय करायचं? गल्लीनं अर्ज केला, त्याचं उत्तर आलं: नागरिकांनी कोरडा कचरा वेगवेगळा करून जवळच्या केंद्रावर नेऊन द्यावा. जवळचं केंद्र म्हणजे कुठलं ते उत्तरात नव्हतं. बहुधा उत्तर लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक नसावं.

शोधून काढलं ते काकांनी. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत उभा जन्म भिंगं घासण्यात गेलेला माणूस. एखादी गोष्ट नीट बसेपर्यंत सोडायची नाही ही सवय हाताला लागलेली. रद्दी आणि पुठ्ठा पुलाखालचा भंगारवाला घेतो. जुने सेल आणि उडालेले बल्ब विजेच्या सामानाच्या दुकानात, तेही मालक असेल तर. नोकर असला तर अंगावर येतो. प्लास्टिक मार्केटमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. गोळ्यांची रिकामी पाकिटं एक औषधवाली घ्यायची, तिनं दुकान बंद केलं. तेव्हापासून ती कुणीच घेत नाही, म्हणून काकांच्या माळ्यावर त्यांचं पोतं आहे. आणि काचेला तर कुणी दारातही उभं करत नाही. जड, हातात फुटणारी आणि मोल शून्य. ती घेणारं एकच गोदाम होतं, गावाच्या त्या टोकाला, अक्काच्या घराच्या अलीकडे. तिथं प्लास्टिकही चालायचं.

एखाद्याला एखादी गोष्ट ठाऊक आहे एवढं लोकांना कळलं की त्याची सुटका नसते. आधी एकीनं एक पिशवी दिली, मग दुसरीनं दोन. काकांना नाही म्हणता येत नसे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. त्यांच्या स्कूटरला आता हँडलपेक्षा आकडे जास्त होते. "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं," बायको म्हणायची आणि तरी दोरी आणून द्यायची.

आज वरच्या खिडकीत मास्तरीणबाई होत्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी त्यांची हाक वर्गात शिरल्यासारखीच असे.

"आज नाही हो जमणार, बाई," काका म्हणाले. खरंच म्हणाले. "अक्का निघालीय आज."

"अरे हो की! माझा नमस्कार सांगा त्यांना. म्हणजे तिकडेच चाललाय ना तुम्ही? मग गोदाम वाटेतच आहे की! सून येतेय हो संध्याकाळी, नातू रांगायला लागलाय. घरात इतकी काच, मला रात्रभर झोप नाही."

वाटेतच होतं, हे खोटं नव्हतं. काकांनी मागे वळून बघितलं. फाटक दिसत नव्हतं, म्हणजे बायकोलाही आपण दिसत नसणार. मास्तरीणबाईंनी बाटल्यांच्या दोन जड पिशव्या खाली आणल्या. बाटल्या आतून-बाहेरून धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या, बुचं घट्ट लावलेली. ही त्यांची पद्धत होती, आणि खरं सांगायचं तर काकांचं घोडं इथंच अडायचं. कचरा असता तर त्यांनी तो कधीच पुलावरून नाल्यात भिरकावला असता, अर्धं गाव तेच करत होतं. पण इतक्या मनानं धुतलेली बाटली नाल्यात कशी टाकायची? टाकली असती तर मास्तरीणबाईंनाच टाकल्यासारखं झालं असतं.

एका पिशवीला हो म्हटलेलं गल्लीला लगेच कळतं. चढाच्या तळाशी शिंपीणबाई प्लास्टिकचं गाठोडं घेऊन तयारच होती. "बाटल्यांबरोबर हेही जाईल की, काका. जाताच आहात तर." काकांनी तेही मागच्या सीटला बांधलं आणि चालवायला लागल्यावर बाटल्या अशा खुळखुळायला लागल्या की रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. पाचच मिनिटांचं काम आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. गोदामात पिशव्या द्यायच्या की वळून सरळ अक्काकडे.

गोदामाला कुलूप होतं. नुसतं कुलूप नव्हे, वरची पाटीही काढलेली, भिंतीवर तिचा चौकोन तेवढा पांढरा राहिलेला. समोर पंक्चरवाला बसला होता.

"गेलं ते," तो म्हणाला. "काच पण आता मार्केटमागच्या शेडमध्येच घेतात. महिना झाला."

मार्केट म्हणजे आले तसे अर्धा रस्ता मागे. काका स्कूटरवर तसेच बसून राहिले. डावीकडे वळलं की अक्काचं घर, मागे वळलं की शेड. खिशात फोन वाजला. भाचा होता.

"मामा, कुठं आहात? आई सारखी विचारतेय."

"हा काय, वाटेतच आहे."

"या लवकर. टेम्पो येऊन गेला, आमची गाडी पण लवकर यायचीय म्हणतात."

"आलोच."

आता कुणीही म्हणेल, जायचं की डावीकडे तसंच, पिशव्यांसकट. बाटल्या काही पळून जाणार नव्हत्या. पण काकांच्या डोळ्यांसमोर आलं ते वेगळंच. अक्काचं घर आवरून झालेलं, भिंती रिकाम्या, ती दारात उभी. आणि आपण दुसऱ्यांच्या बाटल्या खुळखुळवत तिच्या फाटकात शिरतोय. शेवटच्या दिवशीसुद्धा लष्कराच्या भाकऱ्या पाठीवर. तिला ते ऐकवलं नसतं. ती काही बोलली नसती, नुसती ऐकत राहिली असती, आणि ते त्यांना सोसवलं नसतं. एक दिवस तरी तिच्याकडे मोकळ्या हातांनी जावं, एवढ्यासाठी त्यांनी स्कूटर मागे वळवली. माणूस नको तिथं असा विचार करतो आणि त्याला वाटतं, आपण शहाणपणा केला.

पत्र्याच्या शेडमध्ये तापायला सुरुवात झाली होती. टेबलाशी हातमोजे घातलेली बाई बसली होती. तिनं एक बाटली उचलली, फिरवून बघितली आणि परत ठेवली.

"बुचं वेगळी लागतात, काका. आणि लेबल काढून."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तिकडे गोदामात घेत असतील तशीच. आम्ही तशी पुढे पाठवली तर गाडी परत येते."

"मग तुम्ही काढाल का? मी जरा घाईत आहे."

बाईनं त्यांच्याकडे बघितलं. ती चिडकी नव्हती, थकलेली होती. तिच्या मागे पोत्यांचा ढीग छतापर्यंत गेला होता आणि तो निवडायला ती धरून दोघीच होत्या.

"ठेवून जा की. पण मी खोटं नाही सांगणार. तशी ठेवली तर ती मिसळलेल्यात जाणार, आणि तिथनं कचऱ्याच्या डोंगरावर. तुम्ही एवढी धुऊन आणलीत म्हणून सांगितलं."

नसतं सांगितलं तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. समोर पाण्याचा टब होता, उपडी घातलेली क्रेट होती. ते क्रेटवर बसले. इस्त्रीच्या बाह्या वर दुमडल्या आणि पहिली बाटली पाण्यात बुडवली. हात सराईत होते. अंगठ्याच्या पेरानं कडेपासून सोलत आणलं की लेबल अखंड निघे. एक झाली, दुसरी झाली. येताना फोन स्कूटरच्या डिकीत टाकला होता, तो तिथंच राहिला. टबातलं पाणी गढूळ झालं, पाठ भरून आली, आणि बाटल्या काही संपेनात. मास्तरीणबाईंच्या घरी इतकं सरबत कोण पितं, हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पडला.

"एवढं सगळं तुमच्या घरचं?" बाईनं शिंपीणबाईचं गाठोडं सोडत विचारलं.

"नाही. गल्लीचं."

"गल्ली काही देते का तुम्हाला?"

"छे. कशाबद्दल?"

"मग तुम्ही का आणता?"

"आणतो म्हणजे... जातच असतो ना मी. आज पण जातच होतो, म्हणून म्हटलं..."

"कुठं जात होता?"

तिनं सहज विचारलं होतं. काकांच्या हातातली बाटली टबात सुटली. ते उठले, हात शर्टालाच पुसले, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग बाहेर धावले. डिकीतल्या फोनवर भाच्याचे इतके फोन येऊन गेलेले होते की मोजायचा धीर झाला नाही. त्यांनी उलट फोन लावला, तो लागेना.

वरातीमागून घोडं म्हणतात, तसे काका अक्काच्या दारात पोचले. फाटक लोटलेलं होतं आणि घराला कुलूप होतं. पायरीवर ऊन आलं होतं. फाटकाच्या आत, भिंतीच्या कडेनं, पिशव्या ओळीनं मांडून ठेवलेल्या होत्या: बाटल्यांची वेगळी, डब्यांची वेगळी, औषधांच्या पाकिटांची वेगळी, जुन्या चपलांची वेगळी.

शेजारची बाई कुंपणापाशी आली.

"तुम्हीच ना अक्कांचे धाकटे भाऊ? आत्ता तासाभरापूर्वी गेल्या हो. खूप थांबल्या. गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा उठल्या."

"कुठं बसली होती?"

"इथंच, पायरीवर. खुर्च्या सगळ्या टेम्पोत गेलेल्या. घरात बसा म्हटलं तर ऐकेनात. रस्त्यानं स्कूटर गेली की मला विचारायच्या, बघ गं, तोच का? त्यांना कुठलं दिसतंय. मी आपली सांगायची, नाही हो अक्का, दुसरंच कुणीतरी."

काका कुलपाकडे बघत राहिले.

"रागावली होती का?"

"रागावतील कशाला? मुलगाच चिडला होता जरा. तर त्याला म्हणाल्या, त्याला बोलू नकोस, कुणीतरी अडवला असेल वाटेत. त्याला नाही म्हणता येत नाही. आईवेगळं पोर, कुणाला जड होऊ नये म्हणून मीच सांगत राहिले, कुणी काही सांगितलं की करून टाकावं." बाई थांबली. मग पिशव्यांकडे बोट दाखवून जरा अवघडून म्हणाली, "आणि हे तुमच्या भाच्यानं ठेवलंय. म्हणाला, मामा येतातच आहेत तर घेऊन जातील. काय कुठं देतात ते त्यांना बरोबर ठाऊक असतं."

काकांना हसू आलं की रडू, ते त्यांनाच कळलं नाही.

"पाणी देऊ का तुम्हाला?" बाई म्हणाली.

"नाही!" काका ओरडले.

आवाज रिकाम्या घराच्या भिंतीवर आदळून परत आला. बाई दचकून मागे सरकली. जन्मभर जो शब्द कुणाला म्हणता आला नाही तो इतका ठणठणीत निघाला, आणि तोही कुणाला, तर पाणी विचारणाऱ्या एका भल्या बाईला! काका ओशाळले. "द्या," ते म्हणाले. "द्या थोडं." तिनं आणलेलं पाणी त्यांनी उभ्यानंच प्यायलं, भांडं परत दिलं आणि पिशव्या एकेक करून स्कूटरला अडकवायला लागले. त्या तिथं सोडून जाण्याचा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. पण औषधांच्या पाकिटांच्या पिशवीच्या तोंडाला बारीक दोऱ्याची दुहेरी गाठ होती. अशी गाठ अक्काच मारते. हे भाच्यानं ठेवलं असेल, पण बांधलं होतं तिनं.

शेड तोवर बंद झाली होती. परतताना पुलाखालच्या भंगारवाल्याचंही फळकूट लागलेलं होतं.

काका गल्लीचा चढ चढून आले तेव्हा सकाळपेक्षा जास्त पिशव्या स्कूटरवर होत्या. बायको फाटकातच होती. तिनं आधी पिशव्या बघितल्या, तोंड उघडलं. मग नवऱ्याचा चेहरा बघितला आणि तोंड मिटलं. पहिली पिशवी उचलली तेव्हा तिला आतली निळ्या झाकणाची बरणी दिसली. ही बरणी तिनंच एके वर्षी अक्कांना दिली होती.

"भेटल्या नाहीत?"

काकांनी मान हलवली.

सकाळी वदवून घेतलेलं वाक्य तिनं काढलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं ते काढलं नाही. पिशव्या आत नेऊन स्वयंपाकघराच्या भिंतीशी ठेवल्या आणि जेवायला वाढलं. काकांनी ताटाला हात लावला नाही. उतरत्या उन्हात ते मागच्या दाराशी बसून राहिले. माणसाला लाज वाटते ती बहुतेक वेळा दुसऱ्यांची. त्यांना आज स्वतःची वाटत होती आणि तिचं काय करायचं ते कळत नव्हतं.

दिवेलागणीला फोन वाजला. भाच्याचा नंबर होता, आवाज अक्काचा.

"धाकट्या, पोचलास का रे घरी?"

निघालेली ती, आणि विचारत होती ती.

"पोचलो, अक्का. तू?"

"आम्ही विमानतळावर. केवढं मोठं आहे रे, एका कोपऱ्यात बसवून ठेवलंय मला. जेवलास?"

"हो."

"खोटं बोलतोस. असू दे. आता जेव." मागून कुणीतरी कसलीशी घोषणा करत होतं. अक्का ती संपेपर्यंत थांबली. "मी आपली हे सांगायला फोन केला की मला दिसलास तू."

"कुठं?"

"अरे, गाडी आपल्या कोपऱ्यावर वळली ना, तेव्हा तू पलीकडे स्कूटर घेऊन उभा होतास. इस्त्रीचा शर्ट होता अंगात. याला म्हटलं थांबव, तर मागनं बस आली. मी काचेतनं हात केला. तूही केलास."

गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा ते टबात बाटल्या बुडवत होते. आणि दुसरी गोष्ट त्यांच्याइतकी जगात कुणालाच ठाऊक नव्हती. अक्काच्या नाकावर गेली चाळीस वर्षं जेवढे चष्मे बसले त्यांतलं प्रत्येक भिंग त्यांनी स्वतःच्या हातानं घासलं होतं. उजवा डोळा केव्हाच गेला होता. डाव्याचं भिंग जाड करता करता आता त्याहून जाड करता येत नव्हतं, आणि त्यातूनही तिला हातभर अंतरावरचा चेहरा जेमतेम ओळखू यायचा. पायरीवरून स्वतःचं फाटक तिला दिसत नव्हतं. चालत्या गाडीतून, रस्त्यापलीकडे उभ्या माणसाचा शर्ट तिला दिसणं शक्यच नव्हतं.

"केलास ना रे?" अक्कानं विचारलं. आवाज जरा कापरा झाला होता. "मला वाटलं, तूच होतास."

स्वयंपाकघरात बायकोनं हातातलं काम थांबवलं होतं.

"मीच होतो, अक्का," काका म्हणाले. "चांगला वरपर्यंत हात केला मी. तुझी गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो."

"हां," अक्का म्हणाली. "तेच म्हटलं मी याला."